मोकळं सोडलं की माणूस ओरबाडतो का?

चार अनोळखी माणसं एका खेळात बसवली आहेत. कोण कुठे बसलंय ते दिसत नाही, बोलायला बंदी आहे. प्रत्येकाला २० टोकन मिळालीत. खेळ संपला की त्यांचे पैसे होणार. प्रत्येकानं गुपचूप ठरवायचं की यातली किती स्वतःकडे ठेवायची आणि किती मधल्या हंड्यात टाकायची. हंड्यात जमेल त्याची १.६ पट केली जाते आणि ती चौघांत सारखी वाटली जाते. कोणी किती टाकलं हे वाटताना बघत नाहीत.

आता हिशेब. चौघांनी सगळी टोकन टाकली तर हंड्यात ८०, त्याचे झाले १२८, प्रत्येकाला ३२. कोणीच काही टाकलं नाही तर ज्याचे २० त्याच्याकडेच. म्हणजे सगळ्यांनी मिळून टाकण्यात उघड फायदा आहे. पण तिघांनी टाकले आणि चौथ्यानं हात आखडता घेतला तर? हंड्यात ६०, त्याचे ९६, वाटणीला प्रत्येकी २४. तिघांच्या हाती २४, चौथ्याकडे स्वतःचे २० धरून ४४. आणि एकट्यानंच टाकले, बाकी तिघं गप्प बसले, तर त्या एकट्याला मिळतात ८ आणि इतरांना २८. खेळायला मोकळीक पूर्ण, वर कोणी साहेब नाही. फुकट्या दर वेळी फायद्यात, आणि सगळेच फुकटे झाले तर सगळेच तोट्यात.

हा खेळ गेली कित्येक दशकं देशोदेशींच्या विद्यापीठांत खेळवला गेला आहे आणि निकालाचा आकार बहुतेक ठिकाणी एकच येतो. पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मी टोकन टाकतात. मग दर फेरीला आकडा उतरत जातो आणि दहाव्या फेरीच्या आसपास हंडा जवळजवळ कोरडा पडतो.

माणसाच्या हाती मोकळीक द्यावी की नाही, या जुन्या वादातले दोन्ही पक्ष या एका आलेखावर बोट ठेवतात. एक पक्ष पहिली फेरी दाखवतो: बघा, कोणी सक्ती केली नाही तरी निम्मं दिलं. दुसरा शेवटची फेरी दाखवतो: बघा, अखेर प्रत्येकानं स्वतःपुरतं पाहिलं. दुसऱ्या पक्षाचं वजन नेहमीच जास्त राहिलं आहे. इंग्लंडमधल्या यादवीनंतर टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १६५१ मध्ये सांगितलं की सर्वांवर जरब बसवणारी सत्ता नसेल तर माणसं एकमेकांच्या उरावर बसतील. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं तेच गायरानाच्या भाषेत मांडलं. सामाईक कुरणावर आणखी एक गाय सोडली तर दूध माझं एकट्याचं, तुडवलेल्या गवताचा तोटा मात्र सगळ्यांत वाटला जाणार. मग प्रत्येक जण आणखी एक गाय सोडतो आणि कुरण उजाड होतं. त्याच्या मते उपाय दोनच: कुरणाचे तुकडे करून खासगी मालकी द्या, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या.

या दुसऱ्या उपायात एक गोम आहे आणि मराठी माणसाला ती शिकवावी लागत नाही. कुंपणच शेत खातं. माणूस मुळात भरवशाचा नसेल तर दंडुका ज्याच्या हाती देणार तोही माणूसच, आणि त्याच्यावर नजर ठेवायला आसपास कोणी नाही.

हंडा कोरडा कसा पडतो

खरी उकल या आलेखाच्या मधल्या भागात आहे. २००१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी खेळात एक छोटा बदल केला. खेळाडूंना आधी एक तक्ता भरायला लावला: इतरांनी सरासरी ० टाकली तर तुम्ही किती टाकाल, १ टाकलं तर किती, असं थेट २० पर्यंत. त्यातून माणसांच्या जाती उघड झाल्या. साधारण ३० टक्के पक्के फुकटे निघाले. इतरांनी कितीही टाकलं तरी यांचा आकडा शून्य. सुमारे ५० टक्के 'तुम्ही टाका, मग मीही टाकतो' असे होते. इतरांचा आकडा वाढला की यांचा वाढायचा, पण थोडा कमीच. उरलेल्यांचं वागणं यात बसत नव्हतं. आणि काहीही झालं तरी सगळंच देणारा संत? तो हिशेबात धरण्याइतका सापडलाच नाही.

आता एक गट घेऊ: तीन 'बघून टाकणारे', एक फुकट्या. पहिल्या फेरीत तिघांनी चांगल्या मनानं १२-१२ टाकले, चौथ्यानं शून्य. तिघांपैकी प्रत्येकाला दिसतं की बाकीच्यांची सरासरी ८ आहे. पुढच्या फेरीत तो ८ टाकतो. मग इतरांची सरासरी दिसते सुमारे ५.३. त्यापुढे ३.६. पाचव्या फेरीत २.४.

या पाच फेऱ्यांत कोणाचाही स्वभाव बदलला नाही. चारांतला एकच फुकट्या होता आणि शेवटपर्यंत तो एकटाच राहिला. पण पाचव्या फेरीला जो खोलीत डोकावेल त्याला चारही माणसं सारखीच स्वार्थी दिसतील. तो बाहेर येऊन सांगेल, 'लोकांवर सोडून चालत नाही.' आपल्या गावाबद्दल, सोसायटीबद्दल, देशाबद्दल आपण जे मत सहज ठोकून देतो ते बहुतेक वेळा असं पाचव्या फेरीचं मत असतं.

म्हणून 'माणूस चांगला की वाईट' या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. साधारण निम्मी माणसं दोन्ही असतात. शेजारी काय करतो यावर ते ठरतं. प्रश्न असा विचारायला हवा की एका फुकट्यामुळे तिघं खाली घसरू नयेत यासाठी मोकळीक कशी बांधायची.

प्रयोगांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अगदी स्वस्त आहे: बोलू द्या. खेळाच्या मध्ये समोरासमोर बसून चर्चा करायची मुभा दिली, करार मोडणाऱ्याला कसलीही शिक्षा नसली, तरी आकडे बरेच वर चढतात. केवळ शब्दाला बाजारात किंमत नसते असं अर्थशास्त्र मानतं, त्यामुळे हे पचायला बराच काळ गेला. दुसरी गोष्ट म्हणजे एकमेकांना दंड करण्याची सोय. २००२ मध्ये एर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी नियम घातला की फेरी संपल्यावर कोणी किती टाकलं ते दाखवायचं, आणि स्वतःचं १ खर्चून दुसऱ्याचे ३ कापता येतील. गट दर फेरीला बदलत होते. ज्याला दंड केला तो पुन्हा भेटणारच नव्हता. तरी लोकांनी पदरचे पैसे घालून फुकट्यांना दंड केला, आणि हंडा भरू लागला. फुकट्याची चीड ही माणसाच्या स्वभावातली फार कामाची गोष्ट आहे. ती वापरावी कशी, एवढाच प्रश्न.

दंड उलटतो तेव्हा

कारण ती चुकीची वापरली तर काम बिघडतं. इस्रायलमधल्या हायफा शहरात १० पाळणाघरांवर २० आठवडे एक पाहणी झाली. निष्कर्ष २००० मध्ये छापून आले. आईवडील मुलांना न्यायला उशिरा यायचे. पाचव्या आठवड्यापासून त्यांपैकी ६ पाळणाघरांनी १० मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी मनाला लागत होतं की बाई आपल्यासाठी खोळंबल्यात. दंड लागल्यावर तो उशिराचा दर झाला. दहा शेकेल भरले की विषय संपला. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीवर आला नाही. एकदा लाजेचा भाव ठरला की लाज परत येत नाही. (सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला न येणाऱ्याला शंभर रुपये दंड लावून पाहा, गैरहजर राहणारे पावती फाडून निवांत घरी बसतील.)

दुसरा बिघाड जास्त कडू आहे. २००८ मध्ये १६ शहरांत तोच दंडाचा खेळ खेळवला गेला. काही शहरांत फुकट्यांनाच दंड झाला आणि हंडा भरला. पण अथेन्स, मस्कत अशा काही ठिकाणी ज्यांनी जास्त टाकलं त्यांनाही दंड बसला. मागच्या फेरीत आपल्याला दंड झाला याचा सूड म्हणून, किंवा 'फार शहाणा समजतो स्वतःला' म्हणून. जिथे कायद्याचं राज्य कच्चं आहे असं लोक मानतात तिथे हा प्रकार जास्त दिसला. गावकीत नियमानं वागणाऱ्याचाच काटा काढलेला ज्यानं पाहिला आहे त्याला याचं नवल वाटणार नाही.

पाटकरी, जागल्या आणि चार फड

प्रयोगशाळेतली माणसं तासाभरात घरी जातात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाण्यावर जगणाऱ्यांचं काय, हे शोधण्यात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्य घातलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या विषयातलं एका स्त्रीला मिळालेलं पहिलं. त्यांच्या नोंदींत स्वित्झर्लंडमधलं त्योर्बेल हे डोंगरी गाव आहे. तिथला १५१७ चा नियम एका ओळीचा: हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या सामाईक कुरणावर सोडायच्या. गवत किती उरलंय याचा अंदाज कोणी बांधायचा नाही, वाद घालायचा नाही. गोठ्यातल्या गाई अख्खा हिवाळा गावाच्या डोळ्यांसमोर असतात. उन्हाळ्यापुरत्या गाई विकत आणून फुकट चारण्याची वाटच बंद. हार्डिनच्या गायरानाला शेकडो वर्षांपूर्वी दिलेलं हे उत्तर. हार्डिननंही १९९४ मध्ये दुरुस्ती केली: उजाड होतं ते 'व्यवस्था नसलेलं' सामाईक रान.

आपल्याकडे यापेक्षाही बारीक विणलेली व्यवस्था खानदेशात आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर छोटे दगडी बंधारे घालून पाट काढलेले असत. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे, बहुधा चार. एक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, सगळ्यांचं. पुढच्या वर्षी पीक पुढच्या फडात सरकायचं. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी.

यात स्वभावाच्या प्रश्नाचं उत्तर कसं दडलंय ते पाहा. एका फडात एकच पीक असल्यामुळे सगळ्यांची पाण्याची गरज आणि पाळी सारखी. कोणी जास्त पाणी ओढलं तर त्याचं रान वेगळं दिसतं. चोरी लपत नाही. पाऊस कमी झाला की पंच ठरवतात, यंदा चारऐवजी दोनच फड भिजवायचे, किंवा एकच. प्रत्येकाचा वाटा प्रत्येक फडात असल्यामुळे टंचाईचा चटका सगळ्यांना बसतो. पाटाच्या मुखाशी असलेला तुपाशी आणि शेवटचा उपाशी असं होत नाही. शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाणी सोडतो, वळवतो तो पाटकरी. पीक राखतो जागल्या, कारण फड सलग असतो, आत बांधावर कुंपणं नसतात. या दोघांवर देखरेख हवालदाराची. या सगळ्यांचा मोबदला गावातून, धान्याच्या रूपानं, सुगीला. पीक बुडालं तर यांचंही बुडतं, म्हणून कुंपणाला शेत खायची सोय कमी. पाट साफ करायला ज्याची जितकी जमीन तितकं काम.

दंड होताच, पण पायरीपायरीनं. ऑस्ट्रॉम यांना जगभरच्या टिकलेल्या व्यवस्थांत हेच दिसलं: पहिल्या चुकीला अगदी किरकोळ दंड, पुन्हा केली तर जास्त. पहिल्या चुकीला मोठा दंड लावला की अडचणीत सापडलेला साधा माणूस दुखावतो आणि व्यवस्थेविरुद्ध उभा राहतो. किरकोळ दंडाचं काम पैसे गोळा करणं नसतंच. 'बघून टाकणाऱ्या' बाकीच्यांना त्यातून दिसतं की लक्ष आहे, आपण एकटेच मूर्ख ठरत नाही. १२, ८, ५.३ ही घसरण तिथेच थांबते.

आणि फड मोडतात ते कसे? नदीच्या वर मोठं धरण झालं की बंधाऱ्यात पाणी कधी येणार हे गावाच्या हाती राहत नाही. मग गावानं ठरवण्यासारखं काय उरतं? दुसरं कारण विहिरी. ज्याच्या शेतात स्वतःची विहीर आणि मोटर झाली त्याचं पाटकऱ्यावाचून अडत नाही. तो पाट साफ करायला यायचा थांबतो, फडाच्या पिकाऐवजी ऊस लावतो. त्याचं वागणं वाईट असं नाही म्हणता येणार, पण शेजारी बघत असतात.

जिथे डोळ्यांना दिसत नाही

सगळ्यात अवघड जमिनीखालचं पाणी. १८८२ च्या वहिवाटीच्या कायद्यापासून आपल्याकडे समज असा की ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. त्यामुळे बोअर मारायची मोकळीक जवळपास पूर्ण. पण खडकातल्या भेगांना बांध नसतात. माझ्या दोनशे फुटांमुळे तुमची विहीर आटते आणि मग तुम्ही तीनशेला जाता. कोण किती उपसतंय ते कोणालाच दिसत नाही, म्हणजे हा खेळ बोलायला बंदी असलेल्या त्या पहिल्या खेळासारखा. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई केली आहे. बोअरच्या गाड्या रात्री चालतात, आणि गावोगाव खोली मोजत फिरायला माणूस कुठून आणणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हा गुंता सोडवला तो न दिसणारं दिसतं करून. पाऊस मोजायचा, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यावर कोणती पिकं ते ठरवायचं. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही. ही शेवटची अट फार हुशारीची आहे. उपसा मोजणं कठीण, पण शेतातला ऊस लपवता येत नाही. त्योर्बेलच्या गोठ्यातल्या गाईसारखंच.

सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी सामाईक असेल तर हाच धडा उतरतो. प्रत्येक फ्लॅटला वेगळं मीटर बसेपर्यंत काटकसर करणारा मूर्खच ठरतो, कारण बिल सारखं वाटलं जातं. मीटर बसले की महिन्याचे आकडे जिन्याच्या फलकावर लावा. दंडाचा ठराव त्यानंतर. बहुतेकांना एवढंच पुरतं. आणि ठराव वापरणाऱ्यांनी करायचा. बिल्डरनं किंवा वकिलानं लिहून दिलेला नियम मोडताना कोणाला अपराधी वाटत नाही.

गावाच्या हाती बाहेरच्याला अडवायचा हक्क नसेल तर यातलं काहीच चालत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं १९८० च्या दशकापासून 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत जंगल राखायला घेतलं. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही. सगळे राजी होईपर्यंत बैठका चालतात, अभ्यासगट बसतात. वेळ खूप जातो, पण ठरलं की 'मी विरोधात होतो' म्हणून नियम मोडायला कोणी उरत नाही. तरी बांबूवर कायद्यानं हक्क नव्हता तोवर गावानं राखायचं आणि तोड दुसऱ्यानं करायची, असं होऊ शकत होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हा हे खऱ्या अर्थानं पुरं झालं.

गाव कोणाचं

इथवर वाचून गावाच्या हाती सगळं सोपवा असं वाटलं असेल तर थांबा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं होतं आणि मसुद्यानं खेड्याऐवजी व्यक्तीला एकक मानलं याचं समाधान व्यक्त केलं होतं. ते बोलले ते फडाच्या बाबतीतही लागू पडतं. फडाचं पाणी जमिनीला बांधलेलं. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, आणि पंचांत त्याला जागाही नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तेव्हा नेमकी ही गाठ सोडवली: पाणी माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद.

दुसरी भीती जास्त खोल आहे. जी नजर आणि जी चीड फुकट्याला वठणीवर आणते तीच जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरीवरही रोखली जाते. जातपंचायतीकडे हे सगळं असतं: स्वतःचे नियम, स्वतःचे राखणदार, पायरीपायरीचे दंड, झटपट निवाडा. टिकते तर ती शतकानुशतकं. म्हणून व्यवस्था टिकाऊ आहे एवढ्यावर तिला माणुसकीचं प्रशस्तिपत्र देता येत नाही. सामाईक वस्तूच्या वापराबद्दल गटानं दंड करावा. माणसानं कोणाशी लग्न करावं, कोणाला पुजावं, यावर त्या दंडाचा हात पोचू नये. आणि तो पोचला तर दाद मागायला गावाबाहेर दार हवं.

महाराष्ट्रात हे दार सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं उघडलं; विधिमंडळानं तो २०१६ मध्ये केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. लग्न, अंत्यविधी, स्मशान, देवळाचा उत्सव, शाळा, दवाखाना यांतून कोणाला वाळीत टाकलं तर तो गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पीडितानं किंवा त्याच्या घरच्यांनी पोलिसांत द्यायची, अथवा थेट दंडाधिकाऱ्याकडे. पंचांसमोर जाऊन परवानगी मागावी लागत नाही.